कंपनीचा की बाहेरचा

निम्मे कपडे वाळत घालून झाले होते, तेवढ्यात धाकट्या दिरांनी खालून हाक मारली. भावजींचं गॅरेज आहे. आमच्या गाडीचं ऑइल तेच बदलतात, आणि फिल्टरवरून माझ्या यजमानांशी त्यांचा वाद दर वेळी ठरलेला.

"दादा, बाहेरचा फिल्टरही तितकाच टिकतो. तू नुसत्या खोक्याला भुलतोस."

"कंपनीचाच बसव. बाहेरचा माल म्हणून तुझं डोकं आहे तेवढं पुरे."

यजमानांना जाऊन महिना झाला. आज मी खाली आले तेव्हा भावजी दोन्ही फिल्टर हातात घेऊन गाडीपाशी उभे होते.

"वहिनी, कुठला बसवू?"

"तुम्हाला हवा तो बसवा."

"असं नका म्हणू. दादासारखं खडसावा तरी."

माझ्या तोंडात देवाचं नाव चालू होतं, तेही आपोआप. हातातला ओला टॉवेल पायावर ठिबकत होता.

भावजींनी कंपनीच्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने नवं ऑइल लावलं आणि गाडीखाली शिरून तो हातानेच आवळला.

"जिंकला दादा," ते गाडीखालूनच म्हणाले. रडले नाहीत. मीही नाही.

मग हात पुसून ते दुसरा फिल्टर दुकानात परत द्यायला गेले.