मय्यतीला अंघोळ घालताना

गेल्या हिवाळ्यात नमाज संपवून दुव्यासाठी हात उचलले, की माझ्या तोंडून शब्दच निघत नसे. ऐकतंय तरी कोण, असं वाटायचं. आमच्यात बाई गेली, की तिला शेवटची अंघोळ, म्हणजे गुसल, बायकांनीच घालायची असते. कल्याणात हे काम मी वर्षानुवर्षं करते आहे. कुणी एकाने केलं तरी सगळ्यांची जबाबदारी फिटते, आणि कुणीच उठलं नाही तर गुन्हा साऱ्या वस्तीचा, असं आमचा धर्म सांगतो. त्यामुळे सगळ्यांची जबाबदारी आरामात फिटत राहते आणि उठते मी. एरवी गरज सरो नि वैद्य मरो! लग्नघरात माझ्या शेजारी जेवायला बसायला बायका कचरतात. माझ्या जोडीला जुबेदाआपा होत्या, त्याही गेल्या. आमचे हे आधीच गेलेले, मुलगा आखातात. घरात दिवसभर माझ्याच चपलांचा आवाज.

अशात मानपाड्याहून एक म्हातारी गेल्याचा निरोप आला. खांदा धरलेला होता, तरी रिक्षा करून गेले. म्हातारी शेवटपर्यंत लकव्याने अंथरुणाला खिळलेली, अंगाने भारी, आणि घरात एकटा मुलगा. गुसल देताना मय्यत कुशीवर वळवावी लागते, ते एकटीचं काम नव्हे. शेजारणी तोंडाला ओढणी लावून दारात उभ्या.

"आम्हाला भीती वाटते हो, खाला," एक म्हणाली. दुसरीच्या सुनेला दिवस गेलेले, म्हणून ती उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही.

मुलगा म्हणाला, "आज दुपारी जोहरच्या नमाजीनंतर न्यायचंय, खाला. कबरपण खोदून झाली."

"मग तूच सांग, मी एकटी कशी वळवू तिला?" मी खेकसलेच. त्याने मान खाली घातली आणि मला फार वाईट वाटलं.

दार लोटून मी मय्यतीपाशी बसले. बोरीची पानं घालून उकळलेलं पाणी निवत होतं. या बाईला न्हाऊ न घालताच मातीत जावं लागतं की काय, या भीतीने मला रडू फुटलं. "या अल्लाह, माझ्याच्याने होत नाही. ही तुझी बंदी, तुझी दासी आहे, आता तूच बघ," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने दार वाजलं. तिशीची एक बाई, हातात भाजीची पिशवी, धापा टाकत उभी. समोरच्या चाळीत राहणारी, मशिदीतून मय्यतीचं पुकारलेलं ऐकून आलेली.

"मी येऊ, खाला? मला काही येत नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण माझी अम्मी कोरोनात गेली. पिशवीत बांधून दिलेली. मला हातपण लावू दिला नव्हता."

मी तिला बाह्या वर करायला सांगितल्या. मय्यतीवरची चादर तशीच ठेवून, हाताला कापड गुंडाळून, आधी उजवी बाजू. तिने तांब्या भरला, पाणी मनगटावर बघितलं, हळूच ओतलं आणि वाकून म्हणाली, "अम्मी, पाणी ऊन नाही ना?"

मग दोघींनी मिळून मय्यत कुशीवर वळवली. केसांच्या तीन वेण्या तिनेच घातल्या, अगदी सावकाश. कफनावर कापूर ठेवला, पुरुषांनी जनाजा उचलला आणि घर रिकामं झालं. बायका कबरस्तानात जात नाहीत. मागे राहून फरशी पुसायला नेहमी मी एकटीच असते. त्या दिवशी तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

तिला अल्लाहने पाठवलं की मशिदीच्या भोंग्याने, हा वाद मी घालत नाही. मदत माझ्यासाठी आली असं मी धरून चालले होते. पण त्याच्या मनात ती लेकही होती, हे मला फार उशिरा कळलं. आपण भार त्याच्यावर टाकावा. तो कुणाकुणाचा भार उतरवेल ते आपण कशाला ठरवायचं? त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

निघताना मी तिला साबण दिला. तिने तो हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

"हाताला कापराचा वास येतोय, खाला," ती म्हणाली. "थोडा वेळ राहू दे."