आत्याच्या मानाचं डुक्कर

"आवं, नुस्तं नारळ काय फोडत बसलाय? तुमच्या आक्कानं अर्ज दिलाय म्हंते मी."

"आयकलं."

"काय आयकलं? डुकरं म्हनं वस्तीत नकोत. रानात न्या, न्हाईतर कोंडून घाला. आनि कोंडायची ती बी चारच."

"आयकलं म्हनलं न्हवं का!" हलोतीनं कुऱ्हाड उचलली आणि वाळक्या नारळाच्या दोन फाकी केल्या. "कोन्ती चार, ते बी लिवलंय का अर्जात?"

"हसा, हसा. सोमवारी सभा हाय. उआइसेले आत्ताच सायकलवरनं सांगून गेला. सगळी म्हंत्यात, बोलंल तर हलोतीच बोलंल."

हलोतीनं फाकी लाथेनं पुढं ढकलल्या, तशी डुकरं एकमेकांच्या अंगावर पडली. बायको, तोकिलुपे, कमरेवर हात देऊन उभीच होती. तिला ठाऊक होतं, नवरा भांडला तर बरा, गप्प बसला म्हणजे आतनं मोडलाय.

हालातोआ ही वस्ती तोंगा बेटांच्या राजधानीच्या, नुकुआलोफा शहराच्या शेपटाला, खाजणाच्या काठी. हलोतीच्या बापानं इथं पहिलं कुडाचं घर घातलं तेव्हा शहर लांब होतं. मग शहर सरकत सरकत आलं. ऑकलंडला, सिडनीला गेलेल्या पोरांचे पैसे आले, घरांवर रंगीत पत्रे आले, पत्र्यामागून भाडेकरू आले, आणि भाडेकरूंना नाकं होती. डुकरं मात्र होती तिथंच राहिली. ओहोटी लागली की ती रांगेनं चिखलात उतरायची, शिंपले-खेकडे उकरून खायची आणि भरतीच्या आधी घरला यायची. तरुणपणी हलोती बंदरावर हमाली करायचा. पाठ गेली, मग गुडघे गेले. थकवा अंगात मुरला तो खाऱ्या माशात मीठ मुरावं तसा, धुतला तरी निघेना. डुकरं तेवढी राहिली. डुकरं राखायला कुणाला गुडघे दाखवावे लागत नाहीत.

त्यातला एक होता कस्टम. खच्ची केलेला, काळा, गाढवाएवढा. रस्त्यानं कुणी पिशवी घेऊन निघालं की हा आडवा जाणार, पिशवीत नाक घालणार आणि आपला वाटा काढून घेणार. म्हणून पोरांनी त्याचं नाव कस्टम ठेवलं. हलोतीच्या लेकीचं, लोसालिनेचं, लग्न ठरल्यापासून तो त्या लग्नासाठी राखलेला. लग्नात सगळ्यात मोठं डुक्कर कुणाचं, हे तोंगातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. बापाच्या बहिणीचं. आत्या वरच्या जागी बसणार, तिच्यापुढं अख्खं डुक्कर ठेवणार, आणि ती म्हणेल त्याला म्हणेल तेवढं मिळणार. बापालाही नाही म्हणायची सोय नाही.

आणि लोसालिनेची आत्या म्हणजे मेलिआमे. हलोतीची थोरली बहीण. अर्ज देणारी तीच.

मेलिआमेनं निम्मं आयुष्य ऑकलंडात म्हाताऱ्या गोऱ्यांची सेवा करण्यात काढलं. नवरा गेल्यावर परत आली आणि भावाच्या कुंपणाला कुंपण लावून घर बांधलं. शेजार असा, पण दोघांचं बोलणं दोन-चार वाक्यांपलीकडं गेलं नाही. जाणारही नाही. भाऊ-बहीण मिसरूड फुटायच्या वयाला आले की वेगळे होतात. भाऊ बहिणीच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिच्यासमोर आवाज चढवत नाही. दोघं एका ठिकाणी असताना कुणी वावगं बोललं, पाचकळ विनोद केला, तर दोघांतल्या एकानं उठून जायचं. नवी पोरं आता एका सोफ्यावर बसून पिक्चर बघतात, पण हलोती आणि मेलिआमे जुन्या मुशीतली. काही निरोप असला तर तो तोकिलुपेच्या तोंडून.

म्हणजे भावाशी भांडायचं तरी कसं? बाईनं कायदा पुढं केला.

तिचं चुकलं होतं असंही नाही. पावसाच्या झडीनंतर आईचं थडगं उकरलेलं सापडलं होतं. मेलिआमेनं किनाऱ्याची पांढरी वाळू आणून, पोवळ्याचे खडे लावून, वरती स्वतः शिवलेली गोधडी ताणून ते सजवलं होतं. डुकरांनी गांडुळांपायी गोधडी फाडली, वाळू उधळली. ती सकाळ आख्ख्या वस्तीनं बघितली. कुणाचं डुक्कर, हे कुणी बघितलं नव्हतं. हलोतीनं बघितलं होतं. कस्टम घरी आला तेव्हा त्याच्या काळ्या नाकाडावर पांढरी वाळू चिकटलेली होती. खाजणात पांढरी वाळू नसते. हलोतीनं बादली घेतली, नाकाड धुतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

सोमवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. उआइसेले हा वस्तीचा निवडलेला मुखत्यार. माणूस भला, पण कागद हातात आला की त्याचा आवाज बदलायचा. त्यानं नियम वाचून दाखवला. वस्तीत डुक्कर मोकळं सोडायचं नाही. एका घरामागं चार, ती कोंडवाड्यात, शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब. नर-मादी वेगळ्या कोंडवाड्यात. बाकीची रानात.

सरकारी कचेरीतला एक भाडेकरू उठला. "माझी दोन्ही पोरं खरजेनं हैराण झाल्यात. पावसाळ्यात तुमच्या डुकरांचं पानी माज्या दारात येतंय. मी भाडं देतो ते वास घ्यायला?"

"मग जा की दुसरीकडं," मागून कुणीतरी.

"का जाऊ? शेर हाय हे. रान न्हवं."

"आमी हितं तुमच्या आदी हाय."

"आनि डुकरं तुमच्याबी आदी हैत व्हय?" यावर हशा पिकला. एका म्हातारीनं आपल्या अळूच्या वाफ्याचं गाऱ्हाणं मांडलं. यंदा तिच्या हाती एक कंद लागला नव्हता. "मी डुकराला शिव्या देत न्हाई," ती म्हणाली, "त्याला अक्कल न्हाई. मालकाला हाय का, तेवडं इचारते."

मग पौलिआसी उभा राहिला. हलोतीचा जन्माचा दोस्त, बंदरावरचा जोडीदार, वस्तीतलं सगळ्यात सैल तोंड. "मला एक सांगा," तो म्हणाला, "तुमच्या घरात मानूस मेलं की तांबडं फुटायच्या आदी कुनाच्या दारात येता? त्या वासवाल्या दारातच न्हवं का? म्हंता, पौलिआसी, एक डुक्कर दे, पावनं यायला लागलं. तवा वास येत न्हाई? उद्या काय दुकानातलं बरफाचं मटन ठिवनार हैसा प्रेताम्होरं?"

"बरोबर हाय!" बरेच ओरडले.

"रानात न्या म्हंता. रानात राखायला कोन जातंय? सांजचं सोडावं आनि सकाळी मोजावं तर दोरच शिल्लक."

उआइसेलेनं टेबल वाजवलं. "हलोती, तू बोल."

हलोती उठला. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. मेलिआमे आली नव्हती. त्या सकाळी बायकांचं चटया विणायचं काम होतं, ती तिकडंच बसणार, अशी तोकिलुपेनं पक्की खबर काढली होती. म्हणून तर तो आला होता. सांगायचं काय ते त्यानं नारळ फोडता फोडता जुळवलं होतं. थडगं माझ्याच डुकरानं उकरलं. दंड काय तो घाला. मी आईची वाळू नव्यानं भरतो, आणि सगळ्यांनी मिळून स्मशानाला दगडी कुंपण घालू, मी पहिला दगड आणतो. डुकरं मी कोंडतो, नेतो, पण लेकीच्या लग्नापर्यंत मुदत द्या. एवढंच. हे बोललं असतं तर सभा तिथंच निवली असती, आणि बोलणं सांजेपर्यंत आक्काच्या कानावर गेलं असतं. तिच्या तोंडावर जे सांगता येत नव्हतं, ते सांगायची ही एकच वाट होती.

"मी काय म्हंतो," हलोतीनं सुरुवात केली. "नियमाला माजी ना न्हाई. पर ही नर-मादी येगळी कोंडायची म्हंजे..."

तो शब्द जुळवायला क्षणभर थांबला आणि पौलिआसीला राहवलं नाही. दोस्ताला टेकू द्यावा म्हणून तो बसल्या जागेवरनं गरजला, "आरं उआइसेले, तुला सोताच्या घरात नर-मादी येगळी कोंडाया जमली न्हाईत, नऊ पोरं झाली! डुकरांचं काय जमवनार तू?"

हॉल फुटला. भाडेकरूही हसला. उआइसेले कागदाआड लाल झाला. हसत नव्हती ती फक्त दाराकडं तोंड करून बसलेली माणसं. दारात मेलिआमे उभी होती. काळे कपडे, चारचौघांत जाताना तिथं सगळेच गुंडाळतात तशी कमरेला चटई, विणकामाच्या पातींचे तंतू अजून बोटांना चिकटलेले. काम लवकर उरकलं होतं.

हसू दाराजवळच्या रांगेपासून आत असं विझत गेलं. पौलिआसीनं वळून बघितलं आणि तोंडावर हात मारून घेतला. पण शब्द सुटला तो सुटला.

हलोती उभाच होता. त्यानं बहिणीकडं बघितलं नाही. मान खाली घातली, कमरेची चटई सारखी केली आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

आता यात न कळण्यासारखं काही नव्हतं. का गेला हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. पण बोलायचं कसं? 'बहिणीदेखत घाण बोललं म्हणून तो गेला, त्याला परत बोलवा' असं कुणी म्हटलं असतं, तर झाकलेलं पुन्हा उघडं पडलं असतं, तेही तिच्यासमोर. म्हणून सगळी गप्प. मेलिआमे गप्प. बायकांनी चटईची टोकं चाचपली. उआइसेलेनं खाकरून विचारलं, कुणाला आणखी बोलायचंय का. कुणालाच नव्हतं. नियम मंजूर म्हणून हात वर झाले. पौलिआसीचाही झाला. त्या घडीला कुणी त्याला फाशी द्यायचा ठराव मांडला असता, तरी त्यानं हात वर केला असता.

दुपारी पौलिआसी हलोतीच्या कुंपणाशी येऊन बसला. आत यायचं धाडस नव्हतं. बरोबर कावाच्या मुळांची जुडी आणली होती, कुटून पाण्यात कालवून पितात ती; माफी मागायला तीच नेतात.

"आत ये की."

"कुठल्या तोंडानं?"

"त्याच. दुसरं कुठं हाय तुला?" हलोती म्हणाला. "त्या तोंडाला कोंडवाडा घालायचा ठराव पयला करायला पायजे हुता."

पौलिआसीनं मान हलवली. "ट्रक देतो माजा. रानात न्यायला. तारबी देतो."

"राखायला?"

"येका आड येक दिस मी जातो."

"तू जाशील आनि झोपशील." हलोतीनं जुडी घेतली आणि पायरीवर ठेवली. राग यायलाही अंगात बळ लागतं. ते त्यानं रानातल्या कुंपणासाठी ठेवलं.

शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब कोंडवाडा घालायला हलोतीच्या आवारात जागा नव्हती, म्हणजे सगळी रानातच. रानातली जमीन बापाचीच, पण शहराच्या पार पलीकडं. रोज नारळ वाहून न्यायचे, पाणी न्यायचं, पिल्लं मोजायची, चोरांची वाट बघत बसायचं. चालून चालून गुडघे लग्नाआधी जाणार की कस्टम, एवढाच प्रश्न. तो हे मनातल्या मनात जुळवत होता, तोवर तोकिलुपे नणंदेकडनं आली.

"काय म्हनाली?"

"चा दिला."

"आनि?"

तोकिलुपे पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसावं तसं तिनं चटईच्या काठानं पुसलं. "म्हनाली, माज्या भावाला सांग, नियम डुकरांना हाय. त्येला न्हाई."

"हं."

"म्हनाली, लग्नात माज्या म्होरं कस्टमच पायजे. दुसरं चालायचं न्हाई. चरबी उतरलेली दिसली तर उटून जाईन म्हंती."

हलोती हसला. हसताना पाठ दुखली. वस्तीत डुक्कर नको, पण पानावर तेच डुक्कर हवं, आणि तेही गुबगुबीत. आक्का लहानपणीही अशीच होती. मासा नको म्हणायची आणि डोकं मात्र स्वतःसाठी ठेवायला लावायची.

"आजून हाय," तोकिलुपे म्हणाली आणि जरा थांबली. "म्हनाली, सांग त्येला, नाकाड धुताना मी खिडकीत हुते."

कस्टम कुंपणाला अंग घासत होता, त्याचा खरखर आवाज तेवढा येत होता. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भावाचं नाव तिनं अर्जात घातलं नाही, सभेतही घेतलं नाही. तो सांगेल म्हणून थांबली असेल. चटया टाकून ऐकायलाच आली असेल, कोण जाणे. विचारणार कोण? विचारायची रीत नाही.

"काय धुतलं तुमी?" तोकिलुपेनं विचारलं.

"सांगतो. आदी वाळू भरायला पोती किती हैत बग घरात. उद्या किनाऱ्यावर जायाचं."

"आनि डुकरं?"

"ती बी उद्या. पौलिआसीला सांग, ट्रक सकाळी आन."

भरती चढायला लागली होती. खाजणातली डुकरं चिखलानं बरबटलेली, एकामागं एक घराकडं निघाली होती. हलोती गुडघ्यावर हात देऊन उठला. कुऱ्हाडीला बोटानं धार बघितली, ढिगातला पहिला नारळ पायाखाली धरला आणि घाव घातला.