टेंबे सरांची चूक

टेंबे सरांवर मी लिहावं हे खरं म्हणजे बरोबर नाही. त्यांचे विद्यार्थी मोठमोठ्या जागांवर आहेत. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर शोभलं असतं. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. ते कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा मी शाळेत होतो, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यात माझं मराठी घरात बोलण्यापुरतं, लिहायला बसलो की आधी हिंदी शब्द सुचतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण सर शेवटपर्यंत कशाची वाट बघत होते हे त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, आणि मलाच माहीत आहे. काकू लिहिणार नाहीत, म्हणून...

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, किल्ल्याखालच्या किला गेटला वडिलांचं पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. सर तिथे एक जुना टेबलफॅन घेऊन आले होते. वडिलांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "हा आमचा मुलगा. बी.एस्सी. करतोय." सर लगेच माझ्याकडे वळले. "असं? मग सांग, भिंतीला लोणा लागतो, तो कुठपर्यंत चढतो आणि तिथेच का थांबतो?" मी घाबरून म्हणालो, "सर, हे सिलॅबसमध्ये नाहीये." ते खो-खो हसले. "माझ्याही नव्हतं. रविवारी घरी ये. माधवगंजात कुणालाही विचार, दगडवाले मास्तर म्हणून."

त्यांच्या खोलीच्या खिडकीत एका पितळी ताटलीत मिठाचं पाणी असे आणि त्यात किल्ल्याच्या दगडासारखाच वालुकाश्माचा एक तुकडा उभा. पाणी दगडातून वर चढायचं, उडून जायचं आणि मागे मिठाची पांढरी झालर, म्हणजे तोच लोणा, राहायची. ती झालर एका उंचीवर येऊन थांबते, आणि ती उंची गणिताने आधीच काढता येते, हा सरांचा नियम. तरुणपणी त्यांनी तो शोधला आणि छापला. मग तोच प्रश्न घेऊन ते शेतातल्या खारट मातीकडे गेले, आणि पुढे पावसाळ्यात तिळगुळाची गजक मऊ का पडते इथपर्यंत पोचले. तीन विषयांच्या तीन तऱ्हेच्या संशोधन-पत्रिकांत लेख आले. प्रश्न एकच होता, पण ते कुणाला दिसलं नाही. बढतीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, तुमचा विषय नेमका कोणता? दगडवाल्यांना ते शेतीचे वाटत, शेतीवाल्यांना मिठाईचे. प्रोफेसर न होताच ते निवृत्त झाले.

त्यांचे जुने सहकारी भदौरिया सर संध्याकाळी यायचे आणि चहा पिता पिता चिडवायचे, "टेंबे जी, आपका तो हर खेत में एक-एक पौधा है, फसल कहीं नहीं!" सर म्हणायचे, "आपके यहाँ तो फसल है न? दो सेर भिजवा दीजिए." दोघेही हसत. भदौरिया सर गेले की मात्र सर बराच वेळ त्या दगडाकडे बघत बसत.

कुठल्या लेखाचा उल्लेख पुढे कुणी केला हे फोनवर दिसतं, हे मी त्यांना दाखवलं. 'सायटेशन' म्हणजे काय हे मला तोवर नीट कळत नव्हतं. सर म्हणाले, "कुणी आपल्याकडे जेवून गेला आणि दुसऱ्या गावात सांगितलं, की अमक्यांकडची आमटी खाल्ली होती... तेच ते." शेतीच्या लेखाखाली थोडे उल्लेख होते, गजकेच्या लेखाखालीही होते. दगडाच्या लेखापुढे काहीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "सर, कोणी तारीफ करेलच कधीतरी." तर ते चिडले. "तारीफ कुणाला हवी आहे? माझी चूक काढा म्हणावं! चूक काढायला शेवटपर्यंत वाचावं लागतं." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस का? ज्या दिवशी कुणी माझी चूक काढेल, त्या दिवशी शिरा करायचा!" आतून काकू म्हणाल्या, "मला सांगा ना, मी काढते. रोज करावा लागेल शिरा."

मग तो रिवाजच झाला. रविवारी गेलो की सर पाण्याच्या पेल्याआधी विचारत, "आलं का काही?" मी फोन उघडून बघायचो आणि मान हलवायचो. हिवाळ्यात त्यांची छाती भरली, बोलताना धाप लागायची. शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून होते. तोंडाने विचारणं झालं नाही, नुसत्या भुवया उचलल्या. मी म्हणालो, "नाही सर. अजून नाही." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. ताटलीतलं पाणी आटलं होतं. मी पाणी घातलं, मीठ ढवळलं. त्याच आठवड्यात ते गेले.

त्यानंतरही फोन उघडून बघायची सवय सुटली नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये बसल्या बसल्या सहज बघितलं, आणि दगडाच्या लेखाखाली पहिल्यांदाच एक नाव दिसलं. समुद्रकिनाऱ्याच्या एका शहरात जुन्या देवळांच्या दगडावर काम करणाऱ्या बाईंचा लेख होता. छापल्याची तारीख बघितली. सर तेव्हा होते... यादीत चढायलाच त्याला वेळ लागला होता. माझ्याकडे रविवार होते, फोन होता, आणि ती गोष्ट कुठेतरी होतीही. फक्त आमच्यापर्यंत यायची राहिली होती. हे मनातून जात नाही.

मी तसाच माधवगंजात गेलो. काकूंना म्हणालो, "काकू, सरांची चूक निघाली. एका बाईंनी काढली."

काकू ताटलीत पाणी घालत होत्या. त्या थांबल्या. "कसली चूक?"

"सरांचे सगळे प्रयोग मे-जूनमधले होते. आपल्याकडच्या कोरड्या हवेतले."

"मग कधी करणार?" काकू एकदम तडकल्या. "बाकी वर्षभर वर्ग असायचे. सुट्टीतच लॅब रिकामी मिळायची त्यांना." मग पदराने हात पुसत त्यांनी हळूच विचारलं, "पूर्ण वाचलंय का रे तिनं?"

"पूर्ण. त्यांचं एकेक गणित पुन्हा करून बघितलंय."

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने रवा भाजल्याचा वास आला. त्यांनी एक वाटी माझ्या हातात दिली, दुसरी खिडकीत दगडाशेजारी ठेवली आणि सरांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या.

"आता वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

मी फोन उघडला आणि जमेल तसं मराठीत करून वाचलं : टेंबे यांचा नियम कोरड्या हवेत आजही तंतोतंत खरा ठरतो. दमट हवेत मात्र तो चुकतो. तिथे मीठ थांबत नाही, वर चढतच राहतं.