घाबरणं म्हणजे भीती नव्हे

नाही बाबा, मी अजूनही म्हणतो, वर्षश्राद्धाचं जेवण व्हायलाच पाहिजे होतं.

तुमची पोट्टी ऐकत नाही. तिला डोक्यावर तुम्हीच बसवलं.

आज तुम्हाला जाऊन एक वर्ष झालं अन् गावात पंगत नाही. आपल्या सुलतानपूरच्या शाळेत टेबलं मांडून ताई अन् तिच्यासोबतचे डॉक्टर गावकऱ्यांचे ईसीजी काढून राह्यले.

मी इकडे कच्छात, पवनचक्कीच्या साईटवर. सुट्टी मिळाली नाही. खरं सांगतो, मागितलीच उशिरा.

इकडच्या दोस्तांना माहीत नाही म्हणून लिहितो.

माझे बाबा भाजीवाले. घरच्या वावरातली वांगी, मेथी, पालक लोणारच्या बाजारात विकायचे.

ताई एमबीबीएस झाली, एमडी झाली, अन् मग नागपूरला डीएम कार्डिओलॉजीला लागली. म्हणजे फक्त हृदयाचं शिक्षण. अजून तीन वर्षं.

बाबा विचारायचे, "अजून किती वर्ग राह्यले वो बाई?"

पण नंबर लागला त्या दिवशी गावभर सांगत फिरले, "पोट्टी डीएम झाली!"

दुसऱ्या दिवशी सरपंच पांदण रस्त्याचा अर्ज घेऊन दारात. त्यांना वाटलं, डीएम म्हणजे कलेक्टर.

बाबा हसले नाहीत. त्यांना चहा पाजला अन् म्हणाले, "कलेक्टर बाहेरचे रस्ते पाह्यते, भाऊ. माही पोट्टी आतले पाह्यते."

मागच्या वर्षी याच दिवशी बाबांना बाजारात दरदरून घाम फुटला. बाजूच्या दुकानदाराने एका दवाखान्यात नेलं.

बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले लय घाबरून राह्यलं."

डॉक्टर नवीन पोरगा, बाहेरच्या राज्यातला. म्हणाला, "घाबरू नका बाबा. काही नाही झालं." गॅसची गोळी दिली अन् घरी पाठवलं.

दिवस मावळायच्या आत बाबा गेले.

आमच्या वऱ्हाडात घाबरणं म्हणजे भीती नाही हो.

जीव कासावीस होतो, छाती भरून येते, काही सुचत नाही, त्याला आम्ही "घाबरते" म्हणतो. बाबा वावरातला साप काठीने उचलून धुऱ्यावर सोडायचे. ते कशाला भिणार?

त्याच वेळेस ताई नागपूरला कॅथलॅबमध्ये उभी होती. दुसऱ्या कोणाच्या तरी बापाची बंद नस उघडून राह्यली होती.

तेरवी झाली अन् ती म्हणाली, "मी सीट सोडते."

"काऊन?"

"जगाचं हार्ट पाह्यते मी, अन् माहा बाप गॅसच्या गोळीवर गेला. कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?"

मी आठवीत शाळा सोडली. मग सुरत सोडलं, हैदराबाद सोडलं, तीन ठेकेदार सोडले.

म्हटलं, "ताई, सोडणं काय अस्ते ते मले विचार. पह्यल्या दिवशी लय हलकं वाटते. मंग जलमभर नाही वाटत."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नागपूरला परत गेली.

दिवाळीत मी तिला भेटायला गेलो. डॉक्टर लोकांच्या खोलीत फळ्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"पेशंट 'घाबरते' म्हणाला तर भीती लिहू नका. आधी ईसीजी काढा."

"कधी लिहिलं हे?"

"आली त्याच दिवशी. कोणी पुसत नाही."

तिच्यासोबत शिकणारा केरळचा एक डॉक्टर आहे. माझ्यासमोर त्याने एका आजीला विचारलं, "आजी, घाबरून राह्यलं का?"

आजी म्हणे, "हाव रे बाप्पा, सकाळपासून."

तो जागेवरूनच ओरडला. मशीन आलं, ताई आली, अन् पाच मिनिटांत आजी आत. अटॅकच होता.

चौथ्या दिवशी ती म्हातारी आपल्या पायाने घरी गेली, असं ताईने फोनवर सांगितलं.

बाबा, मी व्हरांड्यात उभा होतो. तुमचा शब्द केरळच्या माणसाच्या तोंडात. शिकवला कोणी? माझ्या बहिणीने!

तरीपण शिबिराचं निघालं तेव्हा मी सोपानकाकाच्या बाजूने होतो. बाबांचा हा लहान भाऊ, मोठा खट.

काका म्हणे, "मेलेल्या माणसाच्या नावानं पंगत बसवतात, मशीन नाही बसवत. लोक काय म्हनतीन?"

मीही ताईला तेच ऐकवलं.

ती एवढंच बोलली, "बाबा भुकेनं नाही गेले, गजा."

मी फोन कापला. चार दिवस बोललो नाही.

आज सकाळी राहवलं नाही, व्हिडिओ कॉल लावला.

शाळेत माणसं पुष्कळ, पण सगळी भिंतीला टेकून. सदरा काढायला कोणी तयार नाही. "मले काय झालं बे? तू जाय ना."

पाच डॉक्टर आपली सुट्टी घालवून आलेले, रिकामे बसलेले. अन् ताईचा चेहरा. तो मी सांगत नाही.

तेवढ्यात काका उठला. सदरा काढला, बनियन काढलं, टेबलावर आडवा झाला.

"लावा जी तुमच्या वायरी! माह्या भावाच्या नावानं आहे हे. पह्यला नंबर माहा!"

मग रांग हटेना. बायांची दुसऱ्या खोलीत, तिथे ताई स्वतः.

दुपारपर्यंत एकशे बारा झाले. त्यातल्या दोघांना लगेच गाडीत घालून पुढे पाठवलं. दोघंही म्हणत होते, आम्हाला काही झालं नाही.

बाबा, आपल्या घरात एवढं मोठं वर्षश्राद्ध कोणाचंच झालं नाही. हे मी लिहून देतो. तिच्या तोंडावर मात्र म्हणणार नाही.

अजून दीड वर्ष शिकायचंय तिला. शिकून राह्यली. तुम्ही निवांत राहा.

राम राम, बाबा.

अन् ताई, हे वाचून पैसे परत पाठवू नको. ईसीजीचा कागद, त्या दोघांच्या गाडीचं डिझेल, अन् तुझ्या पाच डॉक्टरांना काकूच्या हातचे रोडगे अन् वांग्याची भाजी.

या सगळ्याचे काकाच्या खात्यावर टाकून राह्यलो. नऊ हजार सातशे रुपये.