चूलबंद आवतण आणि माझं शास्त्र

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात जेवण कमी पडलं, याचं एकमेव कारण म्हणजे मी नाशिकच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो.

सासरे सायखेड्याचे. तिथे पंगतीचा अंदाज नामदेव आचारी बांधतो. कसा? ओट्यावर बसून तंबाखू मळतो आणि म्हणतो, "दोन कढया लागतील." झालं! मला ते बघवेना. वरपक्ष शहरातला, वरबाप चिकित्सक. काही उणं पडलं तर सासऱ्यांची मान गावासमोर खाली जाणार.

"मामा, माणसं शास्त्रशुद्ध मोजू," मी सासऱ्यांपुढे सरसावलो. "स्टॅटिस्टिक्स हा शब्द कुठून आला, माहितीय?"

"कुठनं?"

"स्टेटवरून! म्हणजे राज्य. मूळ लॅटिन, मग इटालियन, मग जर्मन, मग इंग्रजी. आपल्या मुलखाची हालहवाल राजाला कळावी, म्हणून हे शास्त्र. आकड्यांचं वेड त्याला नंतर लागलं!"

"अहो, त्यांचा चहा निवतोय," बायको आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हातात पॅड घेऊन मी निघालो. दर दहावं घर. (नमुना निवड म्हणतात याला!)

"साखरपुड्याला तुमच्याकडून किती जण?"

"कशाला उगाच तरास? यील एखादं माणूस."

सगळीकडे हेच उत्तर. शेवटच्या घरात गोदाआजी होत्या. "मला कुठं दात हायेत? यीन, टेकीन, जाईन." मी तक्त्यात 'अर्धा' लिहिलं.

हिशेब नामदेवच्या अंदाजाच्या निम्मा आला. मी एक कढई रद्द केली.

"सर, आवतण चूलबंद हाय," नामदेव म्हणाला. (म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, अख्ख्या घरानं जेवायला यायचं.)

"नामदेव, बोलावणं वेगळं आणि हजेरी वेगळी," मी त्याला समजावलं.

साखरपुड्याच्या दिवशी वरपक्ष आडगाव नाक्यावर अडकला, म्हणून गावाची पंगत आधी बसली. प्रत्येक घरचं 'एखादं माणूस' आलं, सोबत बायको, सुना, नातवंडं आणि माहेरपणाला आलेली लेक घेऊन! अर्ध्या गोदाआजींनी पाच गुलाबजाम खाल्ले. वरपक्षाच्या गाड्या दारात लागल्या आणि नामदेवचा झारा कढईच्या बुडाला खणकन लागला.

मामांचा चेहरा पांढरा पडला. "पाव्हणं, लेकीच्या कार्यात अब्रू गेली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गोदाआजी हात धुऊन उठल्या. "ए पोरींनो, जा, चुली पेटवा!" आणि मला म्हणाल्या, "तू पाव्हण्यांना बोलण्यात धर. तेवढं तरी जमंल ना?"

जमलं. मी वरबापांना स्टॅटिस्टिक्स शब्दाचा उगम सांगायला घेतला. मी जर्मनीत पोचलो तेव्हा ते घड्याळ बघू लागले. मग घराघरांतून पिठलं, ठेचा आणि गरम भाकरींच्या चवडी आल्या. वरबाप तीन भाकरी जेवले. "जेवण फक्कड," ते मामांना म्हणाले, "पण लग्नात या जावयांना माझ्या शेजारी बसवू नका."

पाहुणे गेल्यावर मामा जवळ बसले.

"पाव्हणं, तुम्हीच म्हनले ना, हे राजाचं शास्तर?"

"हो."

"मग राजाचा माणूस दारात पाटी घेऊन आला, तर गाव खरं सांगंल का? आन् 'आम्ही आठ जण जेवाया येतो' आसं कोन्त्या तोंडानं सांगायचं?"

हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

लग्नात नामदेवनं तंबाखू मळली आणि काही कमी पडलं नाही. मला फक्त अक्षता वाटायला दिल्या. "मोजू नका, मुठीनं द्या," बायकोनं बजावलं. मी सढळ हातानं दिल्या. शेवटच्या दोन रांगांनी मंगलाष्टकांना रिकामेच हात उडवले!