साहेबांचे उलटे खिसे

साहेब गेले त्याला आता काही महिने झाले, पण कामावर फाटकातून आत शिरताना माझा हात अजूनही आपोआप खिशाकडे जातो. खोटं कशाला सांगू, मला त्यांच्याबद्दल माया होती, पण भीती त्याहून जास्त होती.

देवळीच्या रस्त्यावर आमचं जिनिंग आहे. शेतकऱ्यांचा कापूस येतो, यंत्रात सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. हंगामात आवारात माणसाच्या दुप्पट उंचीचे ढीग लागतात. साहेब तिथले मॅनेजर. फौजेत सुभेदार होते. सारी नोकरी दारूगोळा सांभाळण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर कापूस सांभाळायला आले. "दारूगोळा बरा, तो पेटीत तरी राह्यते," म्हणायचे.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ते फाटकावर उभे राहत आणि चौकीदारासमोर स्वतःच्या पँटचे खिसे बाहेर ओढून दाखवत. तो बिचारा लाजून दुसरीकडे पाहायचा. मला हसू यायचं. मनातल्या मनात, अर्थात.

मी कारकून म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी फाटकावरच्या झडतीत माझ्या शर्टाच्या खिशात माचिस सापडली. घरी देवापुढे उदबत्ती लावून ती तशीच खिशात टाकली होती. वाटलं, हा माणूस आता कानाखाली जाळ काढतो.  त्यांनी कापसाचा दाबून गोळा केला, मला रस्त्यापलीकडच्या पडीक जागेत नेलं, माझ्याच काडीने तो पेटवला आणि बुटाने विझवला. मग घड्याळ पाहत उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "टाक बोट आत."

बोटाला टम्म फोड आला.

"कापसाची आग दिसत नाई, बाबू. आत बसून राह्यते."

पुढे कितीतरी हंगाम मी त्यांच्या हाताखाली काढले. ऐन हंगामातच ते छातीत दुखून गेले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. तिच्यात नीट टेकून बसायचीही मला हिंमत होत नव्हती.

तेरवीनंतर सगळे मजूर माझ्याकडे आले. साहेबांचा फोटो आवारात ठेवायचा होता. "फोटोपुढे दिवा त लावाच लागते," एकजण म्हणाला. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, लोक म्हणतील खुर्ची मिळाली आणि विसरला. दिवा, तेल, वात, माचिस, सगळं मीच घरून आणलं. फाटकावर चौकीदाराने मला सलाम केला आणि खिसे न पाहताच तो बाजूला झाला.

वजनकाट्याजवळ टेबल मांडलं, मी दिवा लावला. बाया-माणसं रांगेने पाया पडू लागली. तेवढ्यात वारा सुटला. रुईचा एक पुंजका तरंगत आला, दिव्यावर बसला, भप्पकन पेटला आणि उडाला. कुठे गेला ते कोणालाच दिसलं नाही. टेबलामागे दहा पावलांवर ढीग होते.

 रांगेतली एक म्हातारी मजूरबाई माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "काऊन हो बाबू, साहेब असते त हे आत येऊ देल्लं असतं काय त्याईनं?"

मी दिवा उचलला, बोटं भाजली, तसाच फाटकाबाहेर नेऊन वाळूच्या बादलीत उलथा केला. साहेबांचा दिवा मी माझ्या हाताने विझवला. 

मग मी ढिगांमध्ये हात घालत सुटलो, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. प्रत्येक ढीग कोमट वाटायचा. हाताला घाम फुटायचा आणि वाटायचं, आग सापडली. माझ्यामागे माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन फिरत होती. साठ-सत्तर माणसं त्या आवारात होती. नुसत्या लोकलाजेपायी मी त्यांच्यामध्ये जाळ ठेवला होता. मला रडू येत होतं.

संध्याकाळपर्यंत काहीच निघालं नाही. घरी जाताना फाटकावर कपाळ पुसायला शर्टाच्या खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्यासोबत माचिस खाली पडली.

दिवसभर ती घेऊनच मी ढिगांवर ओणवा होत होतो.

चौकीदाराने ती उचलली.  "तुमचे खिसे मी कसा पाहू, साहेब?" तो म्हणाला. मला साहेब म्हणण्याची त्याची ती पहिलीच वेळ.  मला अडवणारं आता कोणीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी फाटकावर पोचलो आणि पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. चौकीदार लाजून दुसरीकडे पाहू लागला.

"इकडं पाह्य," मी म्हणालो. "शर्टाचाही पाह्य."