गिरणी एकदाच थांबली

अशी जवळ सरक गं. केडगावच्या आमच्या गिरणीवालीला भांडखोर म्हणालीस, शोभतं का तुला? बाई ओरडून बोलते, कारण कुणी आलं तरी ती चालू गिरणी थांबवत नाही. एकदाच थांबवली. निवडणुकीत उमेदवार आला, म्हणाला, "हा रस्ता रुंद करणार!"

"मंग रस्त्याकडंची माजी गिरणी?" हिनं ओरडून विचारलं.

तो त्या घरघरीत काहीतरी पुटपुटला. हिनं खटकाच बंद केला.

"आता बोला भाऊ, समद्या बायांना ऐकू द्या."

दळणाचे डबे घेऊन आम्ही त्याच्याभोवती उभ्या. शेवटी म्हणाला, "आधी दुसरी जागा देऊ, मगच गिरणीला हात लावू."

"व्हय, ध्यानात ठिवा," म्हणत हिनं गिरणी सुरू केली.

माझी मान ताठ झाली बघ. रस्ता अजून रुंद व्हायचाय, गिरणी तिथंच आहे. जा, तिच्याकडून दळण घेऊन लवकर ये, ताज्या पिठाची भाकरी करते.